जुन्या ट्रॅक्टराचा जीर्णोद्धार

माजिवडा हे नाव आज ठाणेकरांच्या कानी येते ते बहुधा वाहनांच्या खोळंब्याच्या निमित्ताने. मुंबईहून शीव मागे टाकून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग येथे संपतो, आग्र्याचा हमरस्ता येथून नाशिकची वाट धरतो, आणि घोडबंदरकडे जाणारा रस्ताही येथेच फुटतो. तीन रस्त्यांच्या या बेचक्यात पूर्वी आगरी व कोळी वस्तीचे गाव होते. भाताची खाचरे होती, खाडीकडेच्या खारवट जमिनी होत्या. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत खाचरांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. अशा ठिकाणी राहणाऱ्या श्रोत्यांपुढे शेतातल्या जुन्या ट्रॅक्टराची गोष्ट काढावी, हे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. तथापि महाराष्ट्रात घडलेल्या ट्रॅक्टराचा इतिहास शोधू लागले, तर त्याचे धागे याच परिसरात येऊन मिळतात.

माजिवड्याहून थोड्याच अंतरावर वागळे इस्टेट आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी तेथूनच झाला. जवळच्या पोखरण रस्त्यावर व्होल्टासचा कारखाना दीर्घकाळ चालला. घोडबंदरच्या रस्त्याने डोंगराला वळसा घालून मुंबईच्या पश्चिम उपनगरांत उतरले, की कांदिवली लागते. महिंद्रांचा ट्रॅक्टराचा कारखाना तेथलाच. महामंडळ निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, मुंबईची महिंद्र अँड महिंद्र आणि व्होल्टास या तिघांनी मिळून 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. १९६५ मध्ये तिचा पहिला ट्रॅक्टर मुंबईच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याचे नाव बी-२७५. त्या पहिल्या पिढीच्या यंत्रांना आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. त्यांतील कित्येक भंगाराच्या तराजूवर चढली. काही कुडाच्या आडोशाला, काही आंब्याखाली गंजत उभी आहेत. आणि थोडी अद्याप धडधडत आहेत. अशा एखाद्या यंत्रास पुन्हा उभे करण्याची हौस आता शहरातील सुशिक्षित तरुणांतही दिसू लागली आहे. ही हौस कशी सुरू करावी, आणि ती करताना नेमके काय जपावयाचे, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम थोडे मागे जावयास हवे. महाराष्ट्रातील शेतीत लोखंड आले ते नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर ओतला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे हे नांगर प्रारंभी खपत नव्हते, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊकच आहे. पुढे औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच नांगराने दख्खनच्या काळ्या जमिनीत घर केले. पण नांगर लोखंडाचा झाला तरी तो ओढणारे बैलच राहिले.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास बैल-घोड्यांची जागा यंत्र घेऊ लागले होते. १९०२ मध्ये शिकागोस इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी स्थापन झाली. १९१७ मध्ये हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला व त्याने किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यात आणली. हॅरी फर्ग्युसन या आयरिश कारागिराने अवजार ट्रॅक्टरामागे फरफटत नेण्याऐवजी ते तीन दांड्यांनी जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची योजना केली. त्या पद्धतीचा त्यांचा टीई-२० हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे निघू लागला आणि पुढील दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक संख्येने जगभर गेला. आज कोणताही ट्रॅक्टर पाहिला, तरी त्याच्या पाठीमागे फर्ग्युसन यांच्या त्या तीन दांड्या दिसतात.

हिंदुस्थानात ट्रॅक्टर प्रथम आला तो पडीक जमीन मोडण्यासाठी. १९४७ मध्ये मध्यवर्ती सरकारने 'सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन' स्थापन केली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली साखळीच्या चाकांची अजस्र यंत्रे तिच्या हाती आली, व त्यांनी मध्य भारतातील कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताशी झुंज सुरू केली. या कामासाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५१ मध्ये साऱ्या देशात अवघे ८,५०० च्या आसपास ट्रॅक्टर होते, आणि ते सर्व परदेशी. १९५९ मध्ये फरिदाबादेस आयशरने पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर काढला. १९६० मध्ये मद्रासेस 'टॅफे' निघाली. १९६१-६२ या वर्षी देशातील एकूण उत्पादन ८८० होते. कांदिवलीचा बी-२७५ हा या नव्या प्रयत्नांच्या पहिल्या पिढीतला होय.

या यंत्राचा जन्म मूळचा इंग्लंडातला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५४ मध्ये यॉर्कशर परगण्यातील ब्रॅडफर्ड येथील जौएट मोटारींचा कारखाना विकत घेतला; तेथे बी-२५० आणि १९५८ पासून बी-२७५ घडू लागला. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, शक्ती सुमारे ३५ अश्वबलाची, पुढे जाण्याच्या आठ व मागे जाण्याच्या दोन गती, आणि अंगावर कंपनीचा ठसठशीत तांबडा रंग, असे त्याचे रूप होते. १९७७ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. १९८४-८५ मध्ये खुद्द अमेरिकेतील मूळ कंपनीने आपला शेती-अवजारांचा व्यवसाय विकून टाकला. परंतु '२७५' हा आकडा महिंद्रांच्या ट्रॅक्टरावर टिकून राहिला, आणि तांबडा रंगही टिकला. कांदिवलीस ज्या विभागाचा पाया असा घातला गेला, त्यास २००३ मध्ये गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. ट्रॅक्टर बनविणाऱ्या कोणत्याही कंपनीस ते तोवर मिळाले नव्हते.

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. ज्या १९६५ साली मुंबईत पहिला बी-२७५ तयार झाला, त्याच साली इंग्लंडात जुने ट्रॅक्टर व इंजिने जपणाऱ्या हौशी मंडळींचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. एका देशाने ट्रॅक्टर जतन करावयास घेतला, तेव्हा दुसरा तो घडवावयास आरंभ करीत होता. या अंतराचा परिणाम आजही दिसतो. तिकडे जुना ट्रॅक्टर काम संपल्यावर कोठीत निवांत पडून राहिला. त्याचे भाग बहुधा त्याच्याच अंगावर राहिले. इकडे ट्रॅक्टर कधी निवृत्तच झाला नाही. नांगरटीतून सुटला तो ट्रॉलीला जुंपला गेला. ट्रॉलीतून सुटला तो पाणी उपसावयास किंवा मळणीस लागला. ठाणे जिल्ह्यात तर भाताची खाचरे लहान, बांध अनेक आणि पावसाळ्यात जमीन गुडघाभर चिखलाची. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टराचा उपयोग नांगरटीपेक्षा विटा, रेती व माती वाहण्यासच अधिक झाला. असा ट्रॅक्टर बंद पडला की मिस्त्रीने जो भाग हाती लागला तो बसविला. एकाचे डायनॅमो, दुसऱ्याचा स्टार्टर, तिसऱ्याचा रेडिएटर. पन्नास वर्षांनी त्याच्याकडे पाहावे, तर तो एका कारखान्याचा राहिलेलाच नसतो.

हौशी माणसाची पहिली अडचण येथे उभी राहते. ट्रॅक्टर पुन्हा 'मूळचा' करावयाचा, म्हणजे हे सारे परके भाग काढून टाकावयाचे काय? की त्या भागांनीच त्याला पन्नास वर्षे जगविले म्हणून तेही जपावयाचे? या प्रश्नाचे उत्तर पाना हाती घेण्यापूर्वी शोधावयास हवे, कारण एकदा भाग सुटे झाले, की यंत्राने स्वतःविषयी सांगितले असते ते पुष्कळसे पुसले जाते.

म्हणून कामाचा आरंभ वाचनाने करावा. ट्रॅक्टरावर कारखान्याची क्रमांकाची पट्टी असते, ती शोधावी. ती गहाळ असेल, तर इंजिनाच्या व गिअरबॉक्सच्या ओतीव अंगावर उठविलेले क्रमांक तारेच्या ब्रशाने हलकेच घासून वाचावे. नोंदणीचे पुस्तक असल्यास त्यातील इंजिन क्रमांकाशी ते ताडून पाहावे. त्या नमुन्याची चालकपुस्तिका व सुट्या भागांची यादी, मूळ किंवा प्रत, मिळवावी. मग चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावी. नळ्या कोठून कोठे जातात, कोणत्या बोल्टखाली कोणता वायसर आहे, कोणत्या कोपऱ्यात जुना रंग शिल्लक आहे, हे सारे एका वहीत टिपावे. ज्या घराने तो चालविला त्या घरातील वडील माणसांस विचारावे: इंजिन केव्हा बांधले होते, कोणत्या मिस्त्रीने बांधले, शेवटी बंद का पडला. पुष्कळदा या एका उत्तराने महिन्याची मेहनत वाचते. 'चालता चालता बंद पडला' आणि 'चांगला होता, पण नवा घेतला म्हणून उभा केला', या दोन उत्तरांत यंत्राच्या प्रकृतीचा मोठा फरक असतो.

यानंतर बहुतेकांस मोह होतो तो इंजिन सुरू करून पाहण्याचा. तो आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. अशा वेळी बॅटरी लावून जोर केला, किंवा दुसऱ्या वाहनाने ओढून गिअर टाकला, तर रिंगा मोडतात. प्रसंगी कनेक्टिंग रॉडही वाकतो. त्याऐवजी प्रथम सर्व तेले उतरवावी. इंजिनाच्या तळाचा बूच उघडला आणि आधी पाणी, मागाहून तेल आले, तर पावसाचे पाणी आत शिरले आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट किंवा सिलिंडर यांविषयी संशय घ्यावा. मग नोझल काढून त्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरात डिझेल व पातळ तेल यांचे थोडे मिश्रण सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. त्यानंतर फ्लायव्हीलला पहारीने अलगद, किंचित पुढे, किंचित मागे, असे हलवून पाहावे. हलले तर उत्तम. न हलले तर पुन्हा मिश्रण, पुन्हा वाट. या कामात बळापेक्षा सबुरीचा उपयोग अधिक होतो.

इंजिन हाताने मोकळे फिरू लागले, की डिझेलच्या मार्गाकडे वळावे. टाकीतील जुने डिझेल काढून टाकी धुवावी. तळाशी गाळ व गंज हमखास असतो. टाकीतून फीड पंप, तेथून फिल्टर, तेथून इंजेक्शन पंप आणि शेवटी नोझल, असा डिझेलचा प्रवास आहे. या वाटेवर एक बुडबुडा अडकला तरी इंजिन सुरू होत नाही. म्हणून फिल्टरावरील व पंपावरील हवा काढण्याचे स्क्रू क्रमाने सैल करून, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईतो हाताने पंप मारावा. इंजेक्शन पंप मात्र घरी उघडू नये. त्यातील भाग एकमेकांशी इतके बेताने जुळविलेले असतात, की धुळीचा कणही त्यांस पुरतो. तो ज्याच्याकडे तपासणीचे यंत्र आहे अशा कारागिराकडेच न्यावा. चालू नोझलची फवार तपासताना हात कधीही पुढे धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेचे काम असते.

येथे इतिहासाचे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते ते पाहावे. मूळ बी-२७५ चे इंजिन अप्रत्यक्ष फवाऱ्याचे आहे. म्हणजे डिझेल आधी एका लहान कोठडीत पेटते व ज्वाला तेथून सिलिंडरात येते. असे इंजिन थंडीत सुरू करावयाचे, तर त्या कोठडीतील तापक तार, जिला मिस्त्री ग्लो प्लग म्हणतात, ती आधी तापवावी लागते. पुढील काळातील २७५ च्या नावामागे 'डीआय' ही अक्षरे लागली ती थेट फवाऱ्याची खूण होय. त्यास अशा तापविण्याची गरज बहुधा पडत नाही. दोन्ही यंत्रांस लोक 'दोनशे पंचाहत्तर' असेच म्हणतात. हा भेद न जाणणारा माणूस जुन्या यंत्राचे जळलेले ग्लो प्लग तसेच ठेवून पंपाला दोष देत बसतो, आणि चांगला पंप उगाच उघडला जातो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना नवे तेल, नवे पाणी, तेलाच्या दाबाचा काटा चालू आणि जवळ एक जाणता सोबती, एवढी तयारी असावी. क्वचित जुने डिझेल इंजिन स्वतःचेच वंगण जाळून आवरेनासे धावू लागते. तेव्हा डिझेल बंद करून ते थांबत नाही. हवेचे तोंड झाकण्यासाठी एक जाड सपाट फळी हाताशी ठेवावी, आणि हात किंवा कापड मात्र तेथे नेऊ नये. ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर उचलून त्याखाली शिरू नये. सागवानी किंवा तत्सम भक्कम ठोकळ्यांवर तो टेकवावा. मागील दांड्या वर उचललेल्या स्थितीत ठेवून काम करू नये. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो; ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि इंजिनापूर्वी ब्रेक व स्टिअरिंग यांची काळजी करावी. चालू होणारा पण थांबवता न येणारा ट्रॅक्टर माजिवड्याच्या रस्त्यावर काय, मोकळ्या शेतातही घातकच.

आता सुट्या भागांचा प्रश्न. या बाबतीत ठाणे-कल्याणकडील माणूस सुदैवी आहे. वागळे इस्टेटीत आणि डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारे लहान कारखानदार व टर्नर आढळतात. झिजलेला बुश, पिन, शाफ्टचा जर्नल यांसारख्या गोष्टी नमुना पाहून करून देणारा कारागीर तेथे शोधल्यास सापडू शकतो. नवा भाग आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. जुना भाग दुरुस्त होतो काय? होत नसेल, तर त्याच नमुन्याचा दुसऱ्या मोडक्या ट्रॅक्टरावरचा मिळतो काय? तोही न मिळाल्यास, नवा करून घेतलेला भाग पुढे कोणासही काढता येईल असा बसविता येतो काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मूळ अंगाला भोक पाडून, कापून किंवा वेल्ड करून बसविलेला भाग परत काढता येत नाही. बोल्टने बसविलेला काढता येतो. उद्या कोणास मूळ भाग सापडला, तर आजची दुरुस्ती त्याच्या आड येऊ नये. काढलेले जुने भागही फेकू नयेत. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावे.

परक्या भागांविषयीच्या वर सांगितलेल्या प्रश्नाचे उत्तर याच रीतीने मिळते. जो परका भाग यंत्रास अपाय करीत नाही व ज्यामागे काही हकीकत आहे, तो राहू द्यावा आणि वहीत त्याची नोंद करावी. गावच्या लोहाराने घडविलेला ट्रॉलीचा आकडा किंवा घरच्या माणसाने उन्हासाठी बसविलेली छपराची चौकट हाही त्या ट्रॅक्टराचा इतिहासच आहे; ब्रॅडफर्डच्या कारखान्यात तो नव्हता एवढ्याने तो खोटा ठरत नाही. जो परका भाग धोकादायक आहे किंवा इंजिनाची प्रकृती बिघडवितो, तो मात्र निःसंकोच काढावा.

रंग अगदी शेवटी द्यावा. हौशी माणसे पुष्कळदा त्यानेच आरंभ करतात, कारण त्याचे फळ चटकन दिसते. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याच्या काळ्या पाषाणावर कोणी चकचकीत तैलरंग फासला, तर जीर्णोद्धार केला असे कोणी म्हणणार नाही. लोखंडास मात्र गंजापासून रक्षण हवे, म्हणून रंग द्यावाच लागतो. पण कोणता, हे आधी पाहावे. बैठकीखाली, क्रमांकाच्या पट्टीमागे, टाकीच्या पट्ट्याखाली मूळ रंगाचे अंश सापडतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर म्हटला की तांबडा, अशी सर्वांची समजूत. पण त्याच कंपनीचे फार्मॉल नावाचे ट्रॅक्टर १९३६ पर्यंत करडे असत, तांबडा रंग मागाहून आला. त्यापूर्वीच्या फार्मॉलला हौसेने तांबडा रंग देणारा मनुष्य आपल्या हाताने त्याची जन्मतारीख खोडतो. आणि मूळ रंग पुष्कळसा शिल्लक असेल, तर तो पुसून स्वच्छ करावा, उघड्या लोखंडावर पातळ तेलाचा हात फिरवावा, आणि तसाच राहू द्यावा.

कायद्यानेही या प्रश्नाकडे अलीकडे लक्ष दिले आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेले वाहन तीत बसत नाही. नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने जुन्या मोटारी होत्या हे उघड आहे. श्रीमंतांची मोटार आठवड्यातून एकदा फिरे व एरवी घरात झाकून असे. तिला मूळ स्वरूप राखणे सोपे गेले. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरास ती चैन कोठून मिळणार? अशा यंत्राचे मोल ठरविताना त्याने केलेल्या कष्टाचीही मोजणी व्हावी, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. जुना ट्रॅक्टर रस्त्यावर नेण्यापूर्वी त्याच्या कागदपत्रांविषयी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, हे ओघानेच आले.

यंत्र उभे राहिले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. उभा केलेला ट्रॅक्टर दोनच वर्षांच्या दुर्लक्षाने पूर्ववत होतो, आणि खाडीकडेच्या खारट हवेत तर त्याहूनही लवकर. महिन्यातून एकदा तरी इंजिन सुरू करून पाणी पुरते तापेपर्यंत चालवावे. पाच मिनिटांत बंद केल्यास आत वाफेचे पाणी साचते व तेच गंज धरते. किती तास चालला याची नोंद ठेवून पुस्तिकेप्रमाणे तेल बदलावे. फारसा चालला नाही तरी वर्षातून एकदा बदलावेच. हवा गाळणाऱ्या भांड्यातील तेलाची वाटी काढून धुवावी. ग्रीसच्या प्रत्येक निपलला, जुने ग्रीस बाहेर येईतो, नवे भरावे. रेडिएटरात बोअरिंगचे जड पाणी घालू नये. त्याच्या क्षाराने नळ्या बुजतात. पावसाळ्यापूर्वी टाकी डिझेलने पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेस जागा राहत नाही. आणि धुराड्यावर एक रिकामा डबा पालथा घालावा. मृगाच्या पहिल्या सरीत उघड्या धुराड्यातून आत गेलेले ओंजळभर पाणी चांगल्या इंजिनाचा घात करावयास पुरेसे असते. हा पालथा डबा खेड्यापाड्यांतून पूर्वी सर्रास दिसे. तो कोणत्याही पुस्तिकेतून शिकलेला नव्हता. एकाने दुसऱ्याचे पाहून उचललेला होता.

अशा अनुभवाच्या गोष्टी आज यंत्रांहूनही वेगाने नाहीशा होत आहेत. ज्या मिस्त्रींनी बी-२७५ चे इंजिन तरुणपणी बांधले, ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. कोणता बोल्ट किती आवळावा हे त्यांच्या मनगटास ठाऊक आहे, आवाजावरून कोणता सिलिंडर मार खात नाही हे त्यांच्या कानास ठाऊक आहे. आणि यांपैकी फारच थोडे कोठे लिहिलेले आहे. लोखंडाचा सुटा भाग उद्याही लेथवर करून घेता येईल. मनगटातले हे ज्ञान मात्र ते माणूस असेतोवरच घेता येते. तेव्हा ज्याला जुना ट्रॅक्टर जपावयाचा आहे, त्याने खर्चाचा पहिला रुपया रंगावर किंवा टायरांवर न घालता अशा एखाद्या वृद्ध मिस्त्रीस सन्मानाने बोलावून आणण्यावर घालावा. त्यांस खुर्ची द्यावी, चहा द्यावा, इंजिनाजवळ बसवावे, आणि ते जे जे सांगतील ते वहीत लिहून घ्यावे. पुढे ट्रॅक्टर विकावा लागला, तर ती वही त्याच्याबरोबर नव्या धन्याच्या हाती द्यावी.